गोधडीसाठी दीड लाखाचं मशीन घेऊ का?

प्रश्न : ताई, नमस्कार. मी सातारा जिल्ह्यातली, वय ५८, दोन वर्षांपूर्वी शाळेतून रिटायर झाले आणि तेव्हापासून गोधड्यांचं वेड लागलंय. आधी नातवंडांसाठी केल्या, मग शेजारणींनी मागितल्या, आता महिन्याला दोन तरी होतातच, साधारण ६० बाय ९० इंचाच्या. आईचं काळं पायाचं मशीन आहे, चाळीस वर्षं जुनं, टीप अजून सुरेख येते पण गोधडी शिवताना वरचं कापड पुढे पळतं, खालच्या अंगाला चुण्या पडतात आणि मधला भाग आला की सगळा गठ्ठा मशीनमध्ये कोंबताना जीव जातो. शिवाय गुडघे बोलायला लागलेत. पुण्यात एका दुकानात कॉम्प्युटराइज्ड मशीन बघितलं, चारशे प्रकारचे टाके, टचस्क्रीन, दोरा आपोआप कापतं, किंमत दीड लाखाच्या आसपास. मुलगी न्यू जर्सीला असते, ती म्हणते आई इथे सेलमध्ये स्वस्त पडेल, मी डिसेंबरात येताना घेऊनच येते. ह्यांचं म्हणणं, दीड लाखात जन्मभर पुरतील एवढ्या सोलापुरी चादरी येतील. पैसे आहेत, रिटायरमेंटचे थोडे बाजूला ठेवलेत, पण हात धजत नाही. काय करू?

उत्तर : आधी ह्यांना सांगा, चादर दुकानात मिळते, आजीच्या लुगड्याची गोधडी मिळत नाही, त्यामुळे तो हिशोब इथे लागू नाही. आता मशीनचं बोलू.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि तक्रारी मोजल्या. कापड पळतं, गठ्ठा मावत नाही, गुडघे दुखतात. तीनच. टाके कमी पडतात अशी तक्रार त्यात कुठेच नाही, आणि दुकानदार तुम्हाला जे विकतोय ते मुख्यतः टाके आहेत. चारशे टाक्यांतला गोधडीला लागतो तो एक, सरळ टीप, आणि ती तुमचं काळं मशीन झकास मारतं असं तुम्हीच लिहिलंय. कॉम्प्युटराइज्ड म्हणजे नक्की काय ते सांगते म्हणजे भीती आणि कौतुक दोन्ही जरा खाली येईल. जुन्या झिगझॅग मशीनमध्ये नक्षीच्या टाक्यासाठी आत कॅम नावाच्या खाचाखाचांच्या चकत्या असायच्या, चकतीच्या आकाराप्रमाणे सुई डावी-उजवीकडे जायची. तेच काम आता चिप आणि छोट्या मोटर्स करतात, एवढंच. हे काही काल-परवाचं पण नाही, सिंगरनं १९७५ मध्येच इलेक्ट्रॉनिक मशीन बाजारात आणलं होतं. सरळ टिपेला सुईनं डावी-उजवीकडे जायचंच नसतं, म्हणजे गोधडी शिवताना त्या चिपचं बरंचसं डोकं रिकामं बसून असणार.

माझ्याकडे असं मशीन आहे हो, म्हणून हक्कानं बोलतेय. नऊ वर्षांपूर्वी हौसेनं घेतलं. दोनशेच्या वर टाके आहेत त्यात, वापरते पाच. एक बदकांची रांग आहे, ती नातवाच्या झबल्यावर एकदा काढली, त्यानंतर ती बदकं काही पाण्यात उतरली नाहीत. आणि तिसऱ्या वर्षी पावसाळ्यात लाईट गेली-आली, गेली-आली, आणि स्क्रीन काळी झाली ती झालीच. बोर्ड गेला म्हणाले. कंपनीकडून पार्ट यायला सात आठवडे लागले, तोवर मी कपाटावरचं हातमशीन खाली काढून त्याच्यावरच ऑर्डरी पुऱ्या केल्या. तेव्हापासून मशीन स्टॅबिलायझरवर चालवते आणि काम झालं की प्लग काढून ठेवते. तुमच्याकडे लाईटचं काय आहे ते तुम्हालाच माहीत, पण हिशोबात धरा.

आता तुमचं कापड का पळतं ते बघू, कारण हे समजलं की अर्धा प्रश्न सुटतो. मशीनमध्ये कापड पुढे ढकलतात ते खालचे दाते, म्हणजे ते फक्त खालचा थर ओढतात. वरचा पाय गुळगुळीत, तो नुसता दाबून धरतो. दोन पातळ कापडं असली तर दोन्ही एकमेकांना धरून जातात, पण मध्ये जाड भरण आलं की खालचं कापड वेळेवर निघतं आणि वरचं मागे रेंगाळतं नाहीतर पायाच्या पुढे लाटेसारखं ढकललं जातं. हातानं धावदोरा घालताना हे होत नाही, कारण सुई सगळे थर एकदम उचलते. आमची आजी गोधडी कडेनं सुरू करायची आणि चौकोनात फिरत फिरत आत यायची, शेवटचा टाका बरोबर मध्यात, आणि तरी एक चुणी नाही. तसंच मशीनवर करायला जाल तर सगळी ढकललेली लाट मध्यात येऊन साठते आणि तिथे पोट सुटल्यासारखी गोधडी फुगते. म्हणून मशीनवर उलटं करायचं, मध्यातून सुरू करून बाहेर जायचं. तुम्ही कुठून सुरू करता ते पत्रात लिहिलं नाहीये, पण माझा अंदाज आहे की कडेनं.

यावर उपाय म्हणजे वॉकिंग फूट. या पायाला स्वतःचे दाते असतात, सुईच्या स्क्रूवर त्याचा एक हात बसतो आणि सुई वर-खाली झाली की वरचे दातेही खालच्यांच्या जोडीनं चालतात, म्हणजे वरचं-खालचं कापड एकदम पुढे जातं. बऱ्याचशा काळ्या मशीनवर तो बसतो, पण त्याचे दाते झिगझॅग मशीनच्या रुंद दात्यांच्या हिशोबानं केलेले असतात आणि आपल्या काळ्याचे दाते अरुंद, त्यामुळे प्रत्येक मशीनवर तो सारखाच चालेल असं नाही. विकत घ्यायच्या आधी मशीनचं डोकं रिक्षात घालून दुकानात न्या आणि लावून बघा, लाजू नका. जोडीला मशीनच्या डोक्यावर सुईच्या बरोबर वर जो स्क्रू आहे तो दोन-तीन आटे सैल करा, त्यानं पायाचा दाब कमी होतो. मी बघितलंय की लोकांच्या मशीनवर हा स्क्रू वर्षानुवर्षं एकाच जागी गंजलेला असतो, ब्लाऊजचा दाब तोच गोधडीलाही. आणि कच्चे टाके घालायचा कंटाळा करू नका, नाहीतर सेफ्टी पिना लावा, तळहात ठेवला की त्याच्याखाली एक तरी पिन आली पाहिजे इतक्या जवळ. सुई १६ नंबरची घ्या आणि साधारण आठ तास शिवून झालं की बदला, मोडेपर्यंत वाट बघायची नाही.

गठ्ठ्याचं मात्र खरं आहे, तिथे काळं मशीन कमी पडतं आणि त्याला इलाज नाही. सुईपासून उजवीकडच्या खांबापर्यंतची जागा टेपनं मोजा, घरगुती मशीनची सहा-सात इंच असते. आता तुमची गोधडी ६० इंच रुंद, मध्यातून सुरुवात केली की ३० इंच कापड उजवीकडे, खांबाच्या आत. ते कितीही घट्ट गुंडाळलं तरी तीन-चार इंचाची गुंडाळी होतेच, जुन्या साड्यांचे चार-पाच थर असतील तर जास्तच. म्हणजे हात हलवायला उरले दोन-अडीच इंच. त्यात सरळ रेषा कशीबशी निघते, गोल नक्षी विसराच. हीच जागा नऊ ते अकरा इंच असेल तर काम सुखाचं होतं. तुम्ही दुकानात बघितलेल्या मशीनची जागा किती होती? टचस्क्रीन सांगितली, टाके सांगितले, पण हा आकडा ना तुम्ही लिहिला ना त्यानं सांगितला असणार. महागड्या मशीनपैकी काहींची जागा पण साडेसहा-सातच इंच असते, वरचे सगळे पैसे टाक्यांचे आणि स्क्रीनचे. गोधडीवाल्या बाईनं पैसे मोजायचे ते या इंचांचे.

म्हणून एक मधला रस्ता सांगते जो दुकानात सहसा कुणी सांगत नाही, कारण तो दिसायला साधा आहे. फक्त सरळ टीप मारणारी, मोठ्या जागेची, जड अंगाची मशीनं मिळतात, जुकी कंपनीची टीएल सिरीज त्यातली एक, साडेआठ इंचाच्या आसपास जागा, मिनिटाला दीड हजारापर्यंत टाके, दोरा कापायची सोय. झिगझॅग नाही, काजं-बटणं नाहीत, बदकं तर नाहीतच. पण टीप अशी पडते की बघत राहावं, कारण सुईच्या पट्टीला भोक एकच छोटं असतं आणि कापड आत दबत नाही. घ्यायच्या आधी आपल्या भागात सर्व्हिस कोण देतं ते विचारा, आणि तोंडी उत्तर नको, नंबर घ्या आणि तिथल्या तिथे फोन लावा.

गुडघ्यांसाठी तर आजच उपाय आहे. काळ्या मशीनला बाजूनं मोटर बसवून मिळते, गल्लीतला शिलाई मशीनवालाही बसवून देतो, खर्च दीड लाखाच्या मानानं किरकोळ. तिचा एक दोष आहे, हळू चालवली की ताकद कमी पडते, जाड जोडावर सुई अडते आणि चाकाला हात लावावा लागतो. इथे मात्र मी कॉम्प्युटरवाल्याची बाजू घेईन. ते कितीही हळू चालवा, पूर्ण जोर लावून टाका घालतं, बटणानं सुरू-बंद होतं म्हणजे पाय लागतच नाही, आणि थांबलं की सुई कापडातच खाली ठेवतं. हे शेवटचं ऐकायला फालतू वाटतं पण कोपऱ्यावर गोधडी फिरवताना सुई खाली असणं म्हणजे अर्धी लढाई. कापडाची फुलं-पानं कापून वर लावायचं काम तुम्ही करत असाल तर कडेच्या टाक्यालाही ते फार चांगलं. पण या सगळ्या सोयी दीड लाखाच्या खालच्या मॉडेलमध्येही येतात, दुकानदाराला खालचं मॉडेल दाखव म्हणा.

लेकीला प्रेमानं नाही म्हणा. तिथली वीज १२० व्होल्टची, आपली २३०. तिकडचं मशीन इथे थेट लावलंत तर एका मिनिटात खेळ खलास. मधे व्होल्टेज उतरवणारा चांगला जड स्टेपडाऊन ट्रान्सफॉर्मर कायमचा ठेवावा लागेल, आणि एखाद दिवशी घरातलं कुणीतरी चुकून प्लग भिंतीत घालेल, मग? वॉरंटी सहसा त्या देशापुरती, इथला मेकॅनिक म्हणणार आमच्याकडचा पीस नाही. मोठं मशीन दहा-बारा किलोच्या घरात जातं, २३ किलोच्या बॅगेत अर्धी जागा तेच खाणार आणि वर आदळआपट. त्यापेक्षा तिला म्हणावं चांगली भरणाची कॉटन बॅटिंग आण, रोटरी कटर, म्हणजे फिरत्या गोल पात्याचं कापायचं हत्यार आण, हलकं सामान आहे आणि खरंच उपयोगाचं.

मी तुमच्या जागी असते तर मोटर, वॉकिंग फूट, पिना एवढं घेऊन पुढच्या दोन गोधड्या मध्यातून सुरू करून शिवल्या असत्या. त्यानंतर चुण्या गेल्या आणि फक्त गठ्ठ्याची कुस्ती उरली तर मोठ्या जागेचं मशीन बघायला जा, आणि बिनधास्त घ्या, आयुष्यभर दुसऱ्यांच्या मुलांना शिकवलंत, स्वतःच्या हौसेवर खर्च करताना ह्यांची परवानगी कशाला. फक्त जाताना घरून सामान न्या. दुकानात डेमो देतात तो खळ घातलेल्या कडक कापडाच्या दुहेरी पट्टीवर, त्याच्यावर कुठलंही मशीन मोत्यासारखी टीप मारतं. तुम्ही तुमच्या जुन्या साडीचे थर आणि भरण घालून एक हातभर तुकडा न्या, शिवाय घरातली एक आख्खी गोधडी पिशवीत घ्या आणि ती गुंडाळून त्या खांबाच्या आत सरकवून दाखवा म्हणा. दुकानदाराचा चेहरा बघण्यासारखा होतो, मी केलंय हे.

प्रश्न : एम्ब्रॉयडरीही करतं आणि शिवतंही असं कॉम्बो मशीन घ्यावं की नुसतं शिवणाचं? मला गोधडीच्या प्रत्येक चौकोनावर फूल काढायचंय. (बेळगाव)

उत्तर : आधी सुट्या कापडावर फूल काढायचं आणि मग चौकोन जोडायचे असतील तर चालेल. भरणासकट जाड गोधडी फ्रेममध्ये ताणून बसवणं म्हणजे गादीला उशीचा अभ्रा घालण्यातला प्रकार. फ्रेमचा साइज ठरलेला असतो, त्याच्यापेक्षा मोठं फूल एका बैठकीत निघत नाही. आणि कॉम्बो मशीन फूल काढत असतं तेव्हा तुम्ही त्याच्यावर शिवू शकत नाही, दाट फुलाला तास-तास जातो, तुम्ही आपल्या शेजारी बसून दोरा तुटायची वाट बघायची. डिझाइनच्या फाइलीही कंपनीप्रमाणे वेगळ्या, ब्रदरला पीईएस, जनोमला जेईएफ, त्यामुळे मैत्रिणीकडून डिझाइन घ्यायच्या आधी तिचं मशीन कुठलं ते विचारा. दोन कामं जोरात असतील तर दोन साधी मशीनं बरी.

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची, नाशिक. बाळांच्या दुपट्यासारख्या छोट्या क्विल्ट करते, ३६ बाय ४५ इंच, आतापर्यंत सहा विकल्या, १२०० रुपयांना एक. कापड, भरण, दोरा धरून ७०० खर्च येतो. एकीला करायला दोन दिवस लागतात. धंदा वाढवायचा म्हणून ९६,००० चं कॉम्प्युटराइज्ड मशीन २४ महिन्यांच्या हप्त्यावर घ्यायचा विचार आहे, व्याज नाही म्हणतात. सध्या भावाच्या लग्नात आलेलं साधं इलेक्ट्रिक झिगझॅग मशीन वापरते. फोटो सोबत पाठवलाय.

उत्तर : अगं, पाटीवर मांड. हप्ता महिन्याला ४,००० आणि एका क्विल्टमागे तुझ्या हातात ५०० राहतात, म्हणजे आठ क्विल्ट नुसत्या हप्त्यासाठी. दोन दिवसांना एक या वेगानं ते झाले सोळा दिवस. महिन्यातले सोळा दिवस तू मशीनसाठी काम करणार आणि उरलेल्या दिवसांत स्वतःसाठी, ते पण आठच्या आठ विकल्या गेल्या तर. आत्तापर्यंत विकल्यात सहा, त्याही एकूण मिळून. त्या सहातल्या किती मावशी-आत्यांनी घेतल्या ते मी विचारत नाही.

नवीन मशीन आलं की वेग वाढेल असं तुला वाटत असेल तर एक कर, पुढच्या क्विल्टला घड्याळ लावून बस. कापणं किती वेळ, इस्त्री किती, जोडणं किती, पिना लावणं किती, शिवणं किती आणि कड लावणं किती, वहीत लिही. माझा अनुभव असा की मशीन प्रत्यक्ष चालू असतं तो वेळ निम्माही नसतो, बाकी सगळं कात्री आणि इस्त्री. जिथे वेळ जातो तिथे पैसे घाल, एक चांगला रोटरी कटर, पट्टी आणि मॅट आणली तर कापायचा वेळ दणदणीत वाचेल. ३६ इंचाची क्विल्ट साध्या मशीनमध्ये आरामात मावते, मध्यातून सुरू केलीस की १८ इंचच आत घालायचं असतं, त्यामुळे मोठ्या जागेची पण घाई नाही.

आणि १२०० ही किंमत कमी आहे. दोन दिवसांची मजुरी ५०० पडत असेल तर लोकांकडे स्वयंपाकाला जाणारी बाईसुद्धा तुझ्यापेक्षा जास्त कमावते. आधी किंमत वाढवून बघ, ओळखीबाहेरच्या वीस जणांनी घेतल्या की मग मशीनचं बोलू, तेव्हा मला परत लिही.

राहता राहिला तुझा फोटो. रंगांची निवड गोड आहे, पिवळ्याशेजारी तो राखाडी मस्त, पण चौकोनांचे कोपरे जुळत नाहीयेत, डाव्या बाजूची तिसरी रांग तर पार सरकलीय. हा मशीनचा दोष नाही, तुझी शिवण कुठे पाव इंच आहे कुठे पावणेतीन सूत. सुईच्या पट्टीवर सुईपासून बरोबर पाव इंचावर एक कागदी चिकटपट्टी लाव, दोन-चार थर एकावर एक म्हणजे कापडाला कड लागेल, आणि दर वेळी कापड त्या कडेला टेकवून शीव. जोडल्यावर शेजारशेजारच्या दोन रांगांच्या शिवणी एकमेकींच्या उलट दिशेला इस्त्री कर, एकीची डावीकडे एकीची उजवीकडे, की मग पुढची रांग जोडताना त्या कोपऱ्यात एकमेकींत अडकून बसतात. जुळल्या की नाही ते डोळ्यांनी बघायचं पण काम नाही, बोटाला कळतं.